गाई किती? हिवाळ्यात पोसाल तेवढ्याच!

आज जाऊया स्वित्झर्लंडला. पण फिल्मी गाण्यांतल्या नाही, तर वालिस प्रांतातल्या टोर्बेल नावाच्या छोट्याशा गावात. आल्प्सच्या उतारावर, जवळपास १५०० मीटर उंचीवर. १९७०च्या दशकातही इथे जेमतेम ६०० माणसं राहायची.

इथे शेतं, द्राक्षमळे आणि गवताची कुरणं प्रत्येकाच्या मालकीची. पण वरचं उन्हाळी कुरण आणि जंगल मात्र सगळ्या गावाचं. आपल्याकडच्या गायरानासारखंच समजा.

आता प्रश्न असा, की कुरण सगळ्यांचं असेल तर प्रत्येक जण आणखी एक गाय सोडणार नाही का? १९६८ मध्ये गॅरेट हार्डिनने हेच मांडलं होतं : सामायिक कुरणाची शेवटी वाट लागते.

टोर्बेलकरांनी मात्र यावर कधीच तोडगा काढला होता. १४८३ मध्ये त्यांनी सामायिक जमिनीसाठी लेखी करार केला. १५१७ मध्ये नियम आला : हिवाळ्यात जेवढ्या गाई स्वतः पोसता येतील, तेवढ्याच उन्हाळ्यात वर न्यायच्या. म्हणजे मोजमाप कशाचं? तुमच्या गोठ्यातल्या वाळक्या गवताचं! बाहेरून गाई विकत आणून वर सोडायची सोयच नाही. नियम मोडला की दंड, आणि दंड करणाऱ्या गावच्या अधिकाऱ्याला त्यातला अर्धा हिस्सा. मग तो डोळेझाक कशाला करेल? वर पोचल्यावर लगेच गाई मोजायच्या, आणि त्या आकड्यावरच घराघराच्या वाट्याचं चीज ठरायचं.

रॉबर्ट नेटिंग या मानववंशशास्त्रज्ञाने या गावाचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या पुस्तकात हेच उदाहरण घेतलं. २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

पण थांबा, हे काही रामराज्य नव्हतं. बाहेरच्या माणसाने गावात जमीन घेतली, तरी कुरणावर त्याला हक्क नाही. आणि जमीन तेवढीच, मग वाढणाऱ्या पोरांचं काय? लग्नं उशिरा व्हायची, कित्येक जण बिनलग्नाचे राहायचे, कित्येकांना गाव सोडावं लागायचं.

म्हणजे कुरण शतकानुशतकं हिरवं राहिलं, पण फुकटात नाही. सामायिक गोष्ट टिकवायची तर कुणाला तरी 'पुरे' म्हणावं लागतं. ते कुणी म्हणायचं आणि त्याची झळ कुणी सोसायची, खरा प्रश्न तोच.

विचार करा. भेटूया पुढच्या भागात!