खलनायक तोच, भय निराळे

धानाची कापणी उरकली, दिवाळी सरली, की लाखांदूरच्या परिसरात नाटकांचे दिवस येतात. जवळच्या वडशाहून नाटकमंडळ्या झाडीपट्टीतील गावोगाव जातात आणि खेळ रात्रभर चालतो. खलनायकाचे पारिपत्य होणार, हे प्रेक्षकाला पहिल्या प्रवेशापासून ठाऊक असते. तरी तो पहाटेपर्यंत जागेवरून हलत नाही. काय घडणार याहून, नट ते कसे घडविणार, याचेच त्याला कुतूहल असते.

एकच दुष्ट पुरुष निरनिराळ्या काळी निराळा कसा दिसतो, याचे उत्तम उदाहरण म्हणजे कीचक. विराटपर्वातील हा सेनापती सैरंध्रीच्या वेषातील द्रौपदीची अभिलाषा धरतो, भर राजसभेत तिला लाथ मारतो आणि अखेर भीमाच्या हातून मरतो. कथा एवढीच. परंतु १९०७ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' रंगभूमीवर आले, तेव्हा वंगभंगाची जखम ताजी होती. प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन पाहिला आणि द्रौपदीत मातृभूमी. सरकारलाही हा अर्थ उमगला आणि १९१० साली नाटकावर बंदी आली. पौराणिक वस्त्रे जशीच्या तशी होती. आतला जुलमी मात्र तत्कालीन होता.

१९२० साली बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात 'सैरंध्री' हा मूकपट काढला. त्यात झुंझारराव पवार कीचक झाले. येथे शब्दाचा आधारच नव्हता. दर्प व वासना सारी देहातून दाखवावयाची होती. कीचकाच्या वधाचे दृश्य तर इतके भीषण उतरले, की ते गाळावे लागले. रंगभूमीवरील कीचकाने सरकारला धास्तावले, पडद्यावरील कीचकाच्या मृत्यूने प्रेक्षकाला.

परदेशी चित्रकथांतूनही हेच घडले आहे. 'बॅटमन'चा वैरी जोकर १९४० साली अमेरिकेत जन्मला. त्याचे हास्य १९२८ च्या एका मूकपटातील कॉनराड फाइट या नटाच्या मुद्रेवरून सुचले होते. आणि त्या मूकपटातील पात्र खल नव्हते, बालपणी ज्याचा चेहरा विद्रूप केला गेला असा तो एक दुर्दैवी जीव होता. सीझर रोमेरोने १९६६ साली जोकरला गमत्या विदूषक केले. मिशी न उतरविता तिच्यावरच पांढरा रंग चढविला. १९८९ साली जॅक निकल्सनने त्याला मिजासखोर गुंड बनविले. २००८ साली हीथ लेजरने त्याचा पूर्वेतिहासच पुसून टाकला: आपल्या व्रणांची कहाणी तो दर वेळी निराळी सांगतो. २०१९ साली वॉकिन फीनिक्सने उलट त्याला आजार, दारिद्र्य व उपेक्षा यांचे पूर्वायुष्य दिले. अखेरच्या दोघांनाही ऑस्कर मिळाले, लेजरला मृत्यूनंतर.

तेव्हा खलनायक हा त्या त्या काळाच्या भयाचा साचा होय. नट त्यात आपल्या काळाचा रस ओततो. मात्र येथे एक जोखीम आहे. खलाचे अंतरंग उलगडण्याच्या नादात त्याने चिरडलेली माणसे अंधारात जातात. कीचक कितीही प्रभावी रंगला, तरी कथेचा कणा आहे तो विराटाच्या सभेत सैरंध्रीने मागितलेला न्याय आणि त्यापुढे त्या सभेने धरलेले मौन. तो आक्रोश ज्या प्रयोगात ऐकू येत नाही, तेथे नट जिंकला तरी नाटक हरले, असेच म्हणावे लागते.