एका घडीची सोळा वर्षं



आज जरा धंद्यातला विषय काढतोय. आपल्यातले बरेच जण याच धंद्यातले, त्यामुळे चुकलं तर कान धरालच. बाकीच्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण ही गोष्ट कोडची कमी आणि माणसांची जास्त आहे.

वेबसाईटवर 'नेहमी विचारले जाणारे प्रश्न' असं पान असतं ना? प्रश्नावर क्लिक केलं की खाली उत्तर उघडतं, पुन्हा क्लिक केलं की मिटतं. याला आम्ही अकॉर्डियन म्हणतो. एनॉक डॅनियल्स यांनी वाजवलेला अकॉर्डियन ज्यांनी ऐकलाय त्यांना त्याचा उघडमीट होणारा भाता आठवेल, नाव त्यावरूनच. मला मात्र पुण्याच्या पेशवे दप्तरातले रुमाल आठवतात. वर चिठ्ठी, आत गठ्ठाभर कागद. चिठ्ठी वाचायची, हवा तो रुमाल सोडायचा, बाकीचे बांधलेले राहू द्यायचे.

एवढी साधी गोष्ट. ती वेबच्या भाषेत, म्हणजे एचटीएमएलमध्ये, पहिल्यापासून असेल असं कोणालाही वाटेल. नव्हती. आणि नव्हती म्हणून माझ्यासारख्यांनी काय काय करून ठेवलं ते आधी सांगतो.

२०१६ ची गोष्ट. मी इथे एमएस करून नोकरीला लागलो होतो, आणि एका क्लायंटसाठी आजारपणाच्या सवलतींची माहिती देणारं पान करत होतो. मजकूर भरपूर, म्हणून अकॉर्डियन केला. नुसते डिव्ह, त्यावर जेक्वेरीच्या चार ओळी. सरकत उघडायचा, छान दिसायचा, मॅनेजर खूश. मग पान तपासायला एक अंध गृहस्थ आले. वय साठीचं, स्क्रीन रीडर वापरणारे. ते माझ्या शेजारी बसले आणि टॅब दाबत गेले. त्यांचा संगणक पानाचं शीर्षक बोलला, मग एकदम तळाचा फोन नंबर बोलला. मधल्या नऊ घड्या त्यांच्यासाठी नव्हत्याच! माझ्या डिव्हवर कीबोर्ड थांबतच नव्हता आणि हे बटण आहे हे कोणाला कळतही नव्हतं. अर्जाची शेवटची तारीख सातव्या घडीत होती. ते शांतपणे एवढंच म्हणाले, "माझ्या दृष्टीने हे पान कोरं आहे."

इंजिनियरिंगची चार वर्षं, वर एमएस, आणि मी एका माणसाला कोरं पान दिलं होतं. तेव्हापासून या घडीचा इतिहास शोधायचा नाद लागला.

सुरुवात २००४ च्या जूनमध्ये, सॅन होजेला. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने तिथे एक कार्यशाळा घेतली. मोझिला आणि ऑपेरावाल्यांचं म्हणणं होतं की लोक आता वेबवर नुसती पानं नाही तर ॲप्लिकेशन्स बनवतायत, तर आहे त्याच एचटीएमएलमध्ये भर घाला. डब्ल्यूथ्रीसीचा ओढा मात्र एक्सएचटीएमएलकडे, म्हणजे जुनं सोडून शुद्ध, कडक व्याकरणाची नवी भाषा. हात वर झाले: बाजूने ८, विरुद्ध १४. प्रस्ताव पडला. दोनच दिवसांत ॲपल, मोझिला आणि ऑपेराच्या लोकांनी व्हॉटडब्ल्यूजी नावाची वेगळी चूल मांडली. आपल्याकडे मंडळ फुटतं तसंच! फरक इतकाच, की इथे फुटून निघालेलेच शेवटी बरोबर ठरले. २००६ मध्ये खुद्द टिम बर्नर्स-ली यांनी जाहीरपणे लिहिलं की सगळ्या जगाला एका झटक्यात एक्सएमएलकडे नेण्याचा प्रयत्न जमला नाही. २००९ मध्ये एक्सएचटीएमएल २ चं काम गुंडाळायचं ठरलं.

या वेगळ्या चुलीवर जे शिजलं त्यात 'डिटेल्स' नावाचा एक टॅग होता. हीच आपली घडी. जानेवारी २००८ मध्ये डब्ल्यूथ्रीसीने एचटीएमएल५ चा पहिला जाहीर मसुदा काढला, त्यात तो दिसतो. कल्पना अशी, की उघडमीट ब्राउझरनेच करायची. कीबोर्डने चालवणं, 'हे मिटलेलं आहे' असं स्क्रीन रीडरला सांगणं, सगळं ब्राउझरचं काम. पान लिहिणाऱ्याने फक्त चिठ्ठी आणि कागद द्यायचे.

आता गंमत बघा. अडलं ते चिठ्ठीच्या नावावर. आधी ठरलं की फॉर्ममधला जुना 'लेजेंड' टॅगच वापरू, नवा शब्द कशाला? पण फॉर्मच्या चौकटीबाहेर लेजेंड दिसला की तेव्हाचे ब्राउझर त्याचं भलतंच काहीतरी करायचे. मग २००९ मध्ये व्याख्यांच्या यादीतले डीटी आणि डीडी आणून बघितले. तेही जुन्या ब्राउझरांत नीट बसेनात. शेवटी २०१० मध्ये 'समरी' असा नवा कोरा टॅग आला. बाहेरून बघणाऱ्याला हा शुद्ध वेळकाढूपणा वाटेल. पण वेबवर एकदा दिलेलं नाव परत घेता येत नाही. कोट्यवधी पानं त्यावर उभी राहतात, आणि त्यातलं एकही मोडायचं नाही हाच पहिला नियम. बारशाला वेळ लागला तरी चालेल, नाव बदलण्याची सोय नाही.

नाव ठरलं, पण ब्राउझर? क्रोमने २०११ मध्ये, १२ व्या आवृत्तीत घेतलं. सफारीने पुढच्या वर्षी. फायरफॉक्सने थेट सप्टेंबर २०१६ मध्ये, ४९ व्या आवृत्तीत. इंटरनेट एक्सप्लोररने कधीच नाही. मायक्रोसॉफ्टच्या एजमध्ये ते आलं जानेवारी २०२० मध्ये, तेही क्रोमचं इंजिन बसवल्यावर. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये एचटीएमएल५ चं वाजतगाजत शिक्कामोर्तब झालं तेव्हा डिटेल्स त्यात नव्हताच, तो आला २०१६ च्या ५.१ मध्ये. म्हणजे मी ते पान लिहीत होतो तेव्हा हा टॅग क्रोममध्ये पाच वर्षं होता आणि क्लायंटच्या ऑफिसातल्या एक्सप्लोररमध्ये नव्हता. माझा बचाव म्हणून नाही सांगत. माहीत असतं तर डिव्हऐवजी निदान खरी बटणं वापरता आली असती. माहीतच नव्हतं, ही खरी चूक.

या मधल्या काळात ज्याने त्याने आपापली घडी केली. २००७ मध्ये जेक्वेरी यूआय आलं, त्यात अकॉर्डियन. २०११ मध्ये ट्विटरमधल्या लोकांचं बूटस्ट्रॅप आलं, पुढे त्यातही अकॉर्डियन. प्रत्येकाची कळ वेगळी. काही उत्तम, काही माझ्यासारख्यांनी केलेल्या. वापरणाऱ्याला मात्र प्रत्येक साईटवर नव्याने शिकायचं.

यावर उपाय म्हणून डब्ल्यूथ्रीसीच्या छत्राखाली ओपन यूआय नावाचा गट बसला. त्यांनी आधी नुसती पाहणी केली: कोण कुठे काय बनवतंय आणि त्याला काय म्हणतंय. त्यातून एक मागणी पुढे आली. एक घडी उघडली की बाकीच्या आपोआप मिटायला हव्यात, आणि त्यासाठी जावास्क्रिप्ट लिहायला लागू नये. उत्तर सापडलं जुन्याच वस्तूत. घरातला जुना टेपरेकॉर्डर आठवा, एक बटण दाबलं की आधीचं टक्कन वर यायचं. फॉर्ममधली रेडिओ बटणं याच तत्त्वावर चालतात, सगळ्यांना एकच 'नेम' दिलं की झालं. तेच 'नेम' डिटेल्सला द्यायचं ठरलं. डिसेंबर २०२३ मध्ये क्रोम १२० आणि सफारी १७.२ मध्ये ते आलं, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये फायरफॉक्स १३० मध्ये. मसुद्यापासून मोजलं तर सोळा वर्षं.

सगळं सुटलंय असं नाही. दोन योजनांची तुलना करायची असेल तर एक उघडताना दुसरी मिटणं हा छळच आहे, तिथे हे 'नेम' वापरू नये. समरीच्या आत शीर्षक ठेवलं तर काही स्क्रीन रीडर ते शीर्षक म्हणून सांगत नाहीत. पण क्रोममध्ये २०२२ पासून पानात शब्द शोधला की मिटलेली डिटेल्सची घडी आपोआप उघडते. सातव्या घडीतली तारीख आता शोधून सापडते, हे केवढं मोठं काम आहे!

हे वाचताना एक गोष्ट सारखी टोचत राहिली. या सगळ्या चर्चा उघड्यावर झाल्यात. कोणीही वाचाव्यात, कोणीही मुद्दा मांडावा. डिग्री नको, कंपनीची चिठ्ठी नको. आपण मंडळी इथे येऊन इतरांनी ठरवलेल्या नियमांवर कोड लिहितो, वेळेत देतो, ग्रीन कार्डच्या रांगेत उभे राहतो. पण नियम ठरतात तिथे जाऊन 'आमच्याकडे हे असं चालत नाही' असं म्हणायचं डोक्यातच येत नाही. माझ्या तरी येत नव्हतं. मागच्या वर्षी मी पहिल्यांदा एक छोटा मुद्दा लिहिला, मिटलेल्या घडीतला मराठी मजकूर छापताना काय होतं याबद्दल. दोन दिवसांत उत्तर आलं, त्यात माझीच एक चूक दाखवली होती. तरी बरं वाटलं.

ते साठीचे गृहस्थ पुन्हा भेटले नाहीत. त्यांनी तपासलेलं ते पान मात्र मी त्याच आठवड्यात खरी बटणं घालून पुन्हा लिहिलं, आणि नंतर एका सुट्टीत डिटेल्स वापरून तिसऱ्यांदा. जेक्वेरीच्या चार ओळी गेल्या, त्याजागी काहीच आलं नाही. काढून टाकलेल्या कोडचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता :-)

असो. तुमच्या मंडळाच्या, शाळेच्या, ऑफिसच्या साईटवर एकदा माउस बाजूला ठेवून नुसता टॅब दाबत जा. कुठल्या घड्या उघडतात आणि कुठलं पान कोरं निघतं, ते नक्की कळवा.

आपला,
न्यू जर्सीतला एक इंजिनियर