निर्वासित साहित्य, मराठवाड्यातील

हैदराबाद संस्थानाच्या मराठी भाषिक जिल्ह्यांत, साधारणतः १९१८ ते १९४८ या काळात, परक्या राजभाषेच्या व शासकीय निर्बंधांच्या दडपणाखाली निर्माण झालेले मराठी साहित्य. दोन महायुद्धांच्या दरम्यान पूर्व युरोपीय ज्यूंच्या यिद्दिश भाषेची स्थिती याच्याशी ताडून पाहण्यासारखी आहे. डाव्हिड बेर्गेलसॉन हा आधुनिकतावादी कादंबरीकार १९२१ मध्ये बर्लिनला गेला. तेथे लेखक होते, नियतकालिकेही निघत होती. वाचक मात्र पोलंड, रशिया व अमेरिकेत विखुरलेला होता. मराठवाड्यात उलट घडले. वाचक व बहुतेक लेखक जागच्या जागी राहिले; छापील शब्द सीमेपलीकडे गेला.

संस्थानात १८८४ च्या सुमारास फार्सीची जागा उर्दूने घेतली. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. ‘गश्ती निशाण ५३’ या परिपत्रकाने जाहीर सभांस पूर्वपरवानगी आवश्यक केली. १९३८ मध्ये आ. कृ. वाघमारे यांनी मराठवाडा  हे साप्ताहिक काढले, ते पुण्यातून. संस्थानात त्यावर बंदी आली, की ते नाव बदलून पुन्हा निघे. त्याच वर्षी ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल काढून टाकलेल्या उस्मानियाच्या विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. वास्तविक सीमा फार दूर नव्हती. लातूर १९११ पासून बार्शी लाइट रेल्वेने ब्रिटिश मुलखातील बार्शीशी जोडलेले होते. तथापि गाडी सुटून काही तासांत मराठी माणूस दुसऱ्याच कायद्याखाली येई.

राहिलेल्यांची कोंडी अधिक बिकट होती. १९१३ मध्ये जन्मलेले दोन लेखक या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. नांदेडचे वा. रा. कांत हे निजाम सरकारच्या शेती खात्यात व पुढे नभोवाणीवर नोकरीस होते. त्यांचा रुद्रवीणा  हा काव्यसंग्रह १९४७ चा. बी. रघुनाथ यांनी परभणीकडे बांधकाम खात्यात कारकुनी करीत बाबू दडके (१९४४), म्हणे लढाई संपली (१९४६) यांसारख्या कादंबऱ्या लिहिल्या. ज्या सत्तेचे वेतन घ्यावयाचे, तिच्याच छायेतील घुसमट शब्दांत मांडावयाची, हा पेच दोघांनाही सुटला नाही. त्यांच्या लेखनातील ताण मुख्यतः तेथूनच आला असावा. पुण्या-मुंबईच्या समीक्षेने त्यांची दखल उशिरा घेतली, हे नमूद केले पाहिजे. उर्दूचा संपर्क मात्र सर्वस्वी हानिकारक ठरला नाही : निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी (१९१०–९४) यांनी उर्दू-फार्सीच्या ज्ञानाचा उपयोग मराठी इतिहासलेखनासाठी करून घेतला.

१९४७-४८ मध्ये रझाकारांच्या अत्याचारांमुळे असंख्य कुटुंबे बार्शी, सोलापूर व वऱ्हाडातील उमरखेडकडे गेली. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर ती परतली. मराठवाडा  साप्ताहिकही यथावकाश औरंगाबादेत आले. त्याचे संपादक अनंत भालेराव यांनी पेटलेले दिवस  या ग्रंथात त्या काळाच्या आठवणी लिहिल्या.