मृदेतील जीवाणुभक्षी व्हायरसांचा विद्यार्थी-प्रयोगशाळांतील शोध

जीवाणूंमध्ये वाढून त्यांचा नाश करणाऱ्या व्हायरसांस जीवाणुभक्षी म्हणतात. फ्रेडरिक ट्वॉर्ट (१९१५) व फेलिक्स देरेल (१९१७) यांनी ते स्वतंत्रपणे शोधून काढले. अर्नेस्ट हॅन्किन यांनी १८९६ मध्ये नोंदविलेला गंगा-यमुनेच्या पाण्याचा पटकीनाशक गुण हा या शोधाचा आरंभ होय, असे अनेकदा लिहिले जाते. परंतु बंद पात्रात तापविलेल्या पाण्यातही तो गुण टिकत असल्याने ते कार्य व्हायरसाचे असणे संभवत नाही.

मृदेतून जीवाणुभक्षी मिळविण्याची रीत विद्यार्थ्यास सहज साधण्याजोगी आहे. ओलसर माती द्रव माध्यमात ढवळतात आणि गाळ बसल्यावर वरचे पाणी ०·२२ मायक्रोमीटर छिद्रांच्या गाळणीतून गाळतात. जीवाणू मागे राहतात, व्हायरस पार होतात. हे गालित जीवाणूंसह पातळ आगरात मिसळून पेट्री बशीतील घट्ट आगरावर ओततात. या दुहेरी थराचे वर्णन आंद्रे ग्रॅशिया यांनी १९३६ मध्ये केले. जीवाणूंच्या दाट थरात जेथे पारदर्शक ठिपके पडतात, तेथे व्हायरस असतो. एकाच ठिपक्यातील अंश उचलून पुनःपुन्हा पेरल्यावर शुद्ध वाण मिळतो. मातीत आधी जीवाणू घालून व्हायरसांची संख्या वाढविली, तर यश लवकर येते. मात्र जलद वाढणारे वाणच पुढे येतात, हा त्यातील दोष होय.

अमेरिकेत पिट्सबर्ग विद्यापीठातील ग्रेअम हॅटफुल यांच्या कार्यावर आधारलेला असा अभ्यासक्रम हॉवर्ड ह्यूज वैद्यकीय संस्थेने २००८ मध्ये महाविद्यालयांतून सुरू केला. क्षयजंतूचा निरुपद्रवी आप्त मायकोबॅक्टिरियम स्मेग्मॅटिस हा त्यात पोषक जीवाणू म्हणून वापरला गेला. आपल्या व्हायरसाचे नाव विद्यार्थ्याने स्वतः ठेवावयाचे असते. अशा रीतीने या गटाचे दहा हजारांहून अधिक वाण गोळा झाले.

या संग्रहाचा उपयोग २०१८ मध्ये दिसून आला. फुप्फुस-रोपणानंतर मायकोबॅक्टिरियम ॲब्सेससचा संसर्ग शरीरभर पसरलेल्या व औषधांना न जुमानणाऱ्या लंडनमधील एका किशोरवयीन रुग्ण मुलीस तीन जीवाणुभक्षींचे मिश्रण शिरेतून देण्यात आले. त्यांपैकी ‘मडी’ हा वाण २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील डरबन येथे एका कुजक्या वांग्यावर विद्यार्थिदशेतील संशोधिकेस सापडला होता. उरलेले दोन सौम्य प्रकृतीचे असल्याने त्यांचे दमनकारी जनुक काढून टाकावे लागले. सहा महिन्यांत मुलीच्या प्रकृतीत स्पष्ट सुधारणा झाली. पुढे २० रुग्णांवर केलेल्या अशा उपचारांत ११ जणांत अनुकूल परिणाम आढळला.

तथापि प्रत्येक रुग्णाच्या जीवाणूस योग्य वाण निराळा शोधावा लागतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या जीवाणूच्या गुळगुळीत वसाहती करणाऱ्या एकाही वाणाचा नाश संग्रहातील व्हायरसांना परिणामकारकपणे करता आला नाही.