२०० रुपयांचं उत्तर

आजचा भाग इअरफोन लावून ऐका, असं सांगणार होतो, कारण विषय जरा नाजूक आहे. मग लक्षात आलं की ही सगळी गोष्ट त्या संकोचाचीच आहे. तेव्हा घरात मोठ्याने लावलात तरी चालेल.

साल १९३४, मुंबईतलं कोर्ट. आरोपी रघुनाथ धोंडो करवे, वय ५२, गणिताचे माजी प्राध्यापक. त्यांच्या बाजूने उभे राहिलेले वकील डॉ. बाबासाहेब आंबेडकर. गुन्हा काय, तर वाचकांनी आपल्या शरीराबद्दल प्रश्न विचारले आणि करव्यांनी त्यांची उत्तरं मासिकात छापली. चोरी नाही, मारामारी नाही, सरकारविरुद्ध भाषणही नाही. नुसती उत्तरं!

हे करवे म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे चिरंजीव. वडिलांनी बायकांच्या शिक्षणासाठी आयुष्य घातलं, मुलाने त्याहून अवघड जागी हात घातला. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. विल्सन कॉलेजात शिकवायचे. हा प्रचार कॉलेजला मानवला नाही आणि १९२५ मध्ये नोकरी गेली. जुलै १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ नावाचं मासिक सुरू केलं. लैंगिक आरोग्य, गुप्तरोग, संततिनियमन असे विषय सरळ मराठीत मांडणारं मासिक. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र असायचं, त्यामुळे अंक घरी नेणं म्हणजे धाडसच.

आता जरा त्या काळच्या मोहोळमध्ये जाऊन बघू. मुंबईकडून येणारी रेल्वे १८६० सालीच मोहोळवरून सोलापूरला पोचली होती. म्हणजे जग काही फार लांब नव्हतं, डाक यायची, माणसं जायची-यायची. पण समजा गावातल्या एखाद्या पोराला लघवीच्या जागी त्रास सुरू झाला, किंवा नुकत्याच लग्न झालेल्या बाईला काहीतरी विचारायचं आहे, तर विचारायचं कुणाला? वडिलांना सांगायची सोय नाही. सासूला सांगितलं तर संध्याकाळपर्यंत आळीभर. वैद्याकडे जावं तर तो चुलत्याच्या ओळखीतला निघायचा! लहान गावात दुखण्यापेक्षा दुखण्याची बातमी जास्त लागते. हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

पोरांच्या डोक्यात बसलेली भीती तर ठरलेली होती. वीर्याचा एक थेंब म्हणजे रक्ताचे चाळीस थेंब, ते गेलं की माणूस खंगतो, नजर जाते, वेड लागतं. याला शास्त्रीय आधार काहीही नाही. पण भीती इतकी खरी की त्यातून माणसं खरोखर आजारी पडायची. थकवा, झोप नाही, कामात लक्ष नाही. पुढे १९६० मध्ये डॉ. एन. एन. विग या भारतीय मानसोपचारतज्ज्ञांनी या त्रासाला ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं. आजार शरीरात नाही, ऐकीव माहितीतून आलेला! या भीतीवर धंदा करणारे तेव्हा होते आणि आजही आहेत. एसटीतून जाताना रस्त्याकडेच्या भिंतींवरच्या त्या रंगवलेल्या जाहिराती तुम्ही वाचल्या नसतील असं मी मानत नाही.

अशा माणसाला करव्यांच्या मासिकाने एक जागा दिली. पत्र लिहायचं, प्रश्न विचारायचा, उत्तर अंकात वाचायचं. पत्र लिहिणाऱ्याला कुणासमोर मान खाली घालून बसावं लागत नव्हतं. दुसरं म्हणजे, ज्याने विचारलं त्याच्यासोबत ज्यांना विचारायचा धीर झाला नाही त्यांनाही उत्तर मिळत होतं. आपल्यासारखाच त्रास आणखी कुणाला तरी आहे, एवढं कळलं तरी अर्धं ओझं उतरतं.

१९३१ मध्ये ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखाबद्दल करव्यांना १०० रुपये दंड झाला होता. तरी मासिक चालू राहिलं. मग डिसेंबर १९३३ च्या अंकातल्या प्रश्नोत्तरांवरून फेब्रुवारी १९३४ मध्ये त्यांना अटक झाली. प्रश्न होते हस्तमैथुनाबद्दल आणि समलिंगी संबंधांबद्दल. आरोप अश्लीलतेचा.

बाबासाहेबांनी हा खटला का घेतला असेल? गोलमेज परिषदा आणि पुणे करार नुकते मागे पडले होते, कामाचा डोंगर होता. या खटल्यातून मिळण्यासारखं काही नव्हतं, उलट सनातनी मंडळींना बोलायला आणखी एक निमित्त. तरीही ते उभे राहिले. मुद्दा त्यांनी साधाच मांडला. लैंगिक विषयावर कुणी लिहिलं म्हणून ते आपोआप अश्लील होत नाही. असे विकृत प्रश्न छापायचेच कशाला, असा कोर्टाचा सूर होता. त्यावर त्यांचं म्हणणं असं की विकृती असलीच तर ती ज्ञानाने जाईल, दुसऱ्या कशाने जाणार? लोक विचारतात, तर जाणकाराने उत्तर द्यायला हवं. हॅवलॉक एलिससारख्या संशोधकांच्या अभ्यासाचे दाखले त्यांनी दिले. आज आपण यावर सहज पॉडकास्ट करतो, पण ते १९३४ साल होतं!

२४ एप्रिल १९३४ ला निकाल लागला. करवे हरले. दंड २०० रुपये.

या खटल्यात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती एक बारीक गोष्ट. पिंजऱ्यात कोण उभं राहिलं? उत्तर देणारा. विचारणाऱ्यांची नावं या गोष्टीत कुठेच येत नाहीत. नव्वद वर्षांनी आपल्याला करव्यांचं नाव, वय, दंडाची रक्कम सगळं माहीत आहे, पण त्या वाचकांबद्दल काहीच नाही. मासिकावर करव्यांचं नाव होतं. उत्तर चुकलं तर कुणाला धरायचं, हे स्पष्ट होतं. विचारणारा झाकलेला, सांगणारा उघडा.

आता आपल्या फोनमधले ग्रुप बघा. बरोबर उलटं. एखादी ताई थायरॉइडबद्दल विचारते, तेव्हा तिचं नाव, नंबर, फोटो दोनशे जणांसमोर. आणि ‘पंधरा दिवसांत शुगर मुळापासून बंद, गोळ्या सोडा’ हा जो मेसेज येतो, त्याचा लेखक कोण? कुणीच नाही. ‘आलंय तसं पुढे पाठवलं.’ त्या सल्ल्याने कुणी इन्सुलिन थांबवलं आणि दवाखान्यात पोचला, तर २०० रुपयेसुद्धा कुणाच्या खिशातून जात नाहीत. आणखी एक जमात असते, ‘आमच्या मावशीला असंच झालं होतं, चार महिन्यांत गेली’ वाली. त्या ताईने काय विचारलं होतं आणि तिला काय मिळालं!

करव्यांची सगळीच मतं आज पटतील असं नाही. माणूस फटकळ होता, समोरच्याची भीड ठेवायचा नाही. ते डॉक्टरही नव्हते, हेही लक्षात ठेवा. पण वाचून, अभ्यास करून आणि नावानिशी बोलत होते.

अभ्यास नसलेल्या माणसाने मग गप्पच बसायचं का? तर नाही, त्याचीही एक रीत तयार झाली. अमेरिकेत १९३५ मध्ये अल्कोहोलिक्स अनॉनिमस सुरू झालं, १९५७ मध्ये ते मुंबईत आलं. तिथे आडनाव सांगायचं नाही. उपदेश करायचा नाही. ‘तू असं कर’ ऐवजी ‘माझं असं झालं, मी असं केलं’ एवढंच बोलायचं. दुसरा बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही. आणि तिथे ऐकलेलं तिथेच ठेवून उठायचं.

आपल्याकडे ही रीत मराठमोळी झाली ती पुण्यात. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लेख लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला पुढे आले. २९ ऑगस्ट १९८६ ला येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केलं. तिथे व्यसनातून बाहेर आलेली माणसंच पुढच्या माणसाला हात देऊ लागली. नव्याने आलेल्याला ‘तुला हे कसं सुचलं रे’ असं विचारणारं कुणी नाही, कारण समोरचा त्याच वाटेने आलेला. पण गोळ्या किती, कुठल्या, हे ठरवणार डॉक्टर. अनुभव सांगणारा वेगळा आणि औषध सांगणारा वेगळा, ही रेघ तिथे पाळली जाते.

गुपित राखण्याची गोष्ट आता कायद्यातही आली आहे. एचआयव्हीबद्दलचा २०१७ चा कायदा सांगतो की, काही ठरावीक अपवाद सोडले तर, कुणाला ही लागण आहे हे त्याच्या संमतीशिवाय दुसऱ्याला सांगता येत नाही. म्हणजे मित्राच्या रिपोर्टचा फोटो ‘बिचाऱ्यासाठी प्रार्थना करा’ म्हणत गावभर फिरवणं हा निव्वळ आगाऊपणा उरत नाही.

राहता राहिले करवे. दंड भरला आणि पुढचा अंक काढला. मासिकाने त्यांना पैसा दिला नाही, खर्चाची ओढाताण शेवटपर्यंत होती. तरी २६ वर्षं ते निघत राहिलं. १४ ऑक्टोबर १९५३ ला करवे वारले. ‘समाजस्वास्थ्य’चा शेवटचा अंक नोव्हेंबर १९५३ चा आहे.