ठेक्याचा खटला

संगीत म्हणजे काय, या प्रश्नाचा निकाल देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेव पंडिताने तेराव्या शतकातच लावून ठेवला होता. गीत, वाद्य आणि नृत्त ही तिन्ही मिळून संगीत होते, असे त्याने 'संगीतरत्नाकरा'च्या आरंभीच सांगून टाकले. त्यानंतर साडेसातशे वर्षांनी हेच काम विलायतेच्या पार्लमेंटच्या वाट्याला आले. आणि तेही कलेच्या प्रेमाने नव्हे, पोलिसांच्या सोयीसाठी! १९९४ च्या नोव्हेंबरात तिथे फौजदारी न्याय व सार्वजनिक सुव्यवस्थेचा एक लठ्ठ कायदा झाला. त्याचे त्रेसष्टावे कलम असे, की रात्रीच्या वेळी उघड्यावर शंभर किंवा अधिक माणसे जमली असतील, ध्वनिवर्धकावर संगीत चालू असेल, आणि त्याच्या दणदणाटामुळे व लांबणीमुळे आसपासच्या रहिवाशांना गंभीर त्रास होण्याचा संभव असेल, तर तो जमाव पोलिसांनी पांगवावा. इथवर कोणाही शहाण्या माणसाची तक्रार असू नये. पण पुढे एक पुरवणी जोडलेली आहे. या कलमापुरते 'संगीत' या शब्दात असेही ध्वनी धरावेत, की ज्यांचे सर्वस्वी किंवा मुख्य लक्षण एकामागून एक येणारे तेच ते ठोके हे आहे.

आता यातली गंमत पाहा. हा गोंगाट आहे, याला संगीत कोण म्हणेल, असे मानणाऱ्यांचा त्या काळी तिथे सुकाळ होता. पण शिक्षा द्यायची तर ती 'संगीत' वाजवल्याबद्दल. आणि उद्या आरोपीच्या वकिलाने उठून 'महाराज, हे संगीतच नव्हे' असा बचाव केला तर? कायदा लिहिणाऱ्यांना ही धास्ती वाटली असावी. म्हणून ज्यांना हे संगीत मुळीच मान्य नव्हते, त्यांनाच ते संगीत आहे असे राजमुद्रेनिशी लिहून द्यावे लागले.

निमित्त घडले होते दोन वर्षे आधी. १९९२ च्या मे महिन्यात वूस्टरशायर परगण्यातल्या कासलमॉर्टन नावाच्या गायरानावर वीस हजारांहून अधिक तरुण मंडळी जमली आणि सुमारे आठवडाभर अहोरात्र नाचत राहिली. आसपासच्या खेड्यांतील लोकांच्या झोपा उडाल्या, कुरणाची नासाडी झाली, वर्तमानपत्रांनी आकांत केला. ध्वनियंत्रणा घेऊन आलेल्या एका टोळक्यावर खटला भरला गेला, आणि तो लांबलचक चालून आरोपी निर्दोष सुटले. जुन्या कायद्याने जमले नाही म्हणून नवा आला.

कायद्याचा मसुदा चर्चेत असतानाच ऑटेकर या नावाने रचना करणाऱ्या दोन तरुणांनी एक छोटी ध्वनिमुद्रिका काढली. तिच्या वेष्टनावर सूचना होती. यातल्या दोन रचनांत तेच ते ठोके आहेत, तेव्हा विधेयक मंजूर झाल्यास त्या वाजवू नयेत. तिसरी मात्र अशी बांधली आहे की तिचे कोणतेही आवर्तन दुसऱ्यासारखे नाही, सबब ती वाजवण्यास हरकत नाही. तरीसुद्धा वाजवणाऱ्याने वकील आणि संगीतशास्त्रज्ञ हे दोघे सदैव जवळ बाळगावेत! सरकारी भाषेची इतकी सुरेख थट्टा क्वचितच झाली असेल.

ज्या नृत्यसंगीताला आज 'हाउस', 'टेक्नो' अशा नावांनी किंवा सरसकट 'ईडीएम' या आद्याक्षरांनी ओळखतात, त्याचे घर मात्र इंग्लंड नव्हे. ते अमेरिकेतले, आणि त्याच्या जन्माची कथा एका होळीपासून सुरू होते. सत्तरीच्या दशकात तिकडे डिस्को संगीताची लाट आली, आणि लाटेबरोबर तिचा तिटकाराही आला. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानावर एका रेडिओ निवेदकाच्या पुढाकाराने 'डिस्को-दहन' ठरले. जो डिस्कोची तबकडी घेऊन येईल त्याला तिकीट अवघे अठ्ठ्याण्णव सेंट. सुमारे पन्नास हजार लोक लोटले. दोन सामन्यांच्या मधल्या वेळात तबकड्यांचा ढीग सुरुंगाने उडवण्यात आला, प्रेक्षक मैदानात घुसले, हिरवळीचा सत्यानाश झाला आणि दुसरा सामना यजमान संघाला सोडून द्यावा लागला. त्या दिवशी तिथे व्हिन्स लॉरेन्स नावाचा एक निग्रोवंशीय मुलगा प्रेक्षकांना जागा दाखवण्याच्या नोकरीवर होता. जाळायला आलेल्या पुष्कळशा तबकड्या मुळी डिस्कोच्या नव्हत्याच, त्या नुसत्या कृष्णवर्णी कलावंतांच्या होत्या, असे त्याने पुढे सांगितले आहे. संगीताच्या आवडीनिवडीत माणसांच्या आवडीनिवडी किती मिसळलेल्या असतात, याचा याहून बोलका पुरावा मला ठाऊक नाही.

याच शहरात १९७७ पासून 'वेअरहाउस' नावाच्या नृत्यगृहात फ्रँकी नकल्स हा न्यूयॉर्कहून आलेला तबकडीवादक रात्र जागवीत असे. तिथे येणारे बहुतेक कृष्णवर्णी आणि लॅटिनवंशीय, त्यातही समलिंगी तरुण. ज्यांना अन्यत्र कोणी उभे करीत नव्हते असे. या घराच्या नावावरूनच 'हाउस' हे नाव पडले, असे सर्वसाधारणपणे मानतात. डिस्कोच्या नव्या तबकड्या दुर्मीळ झाल्या तेव्हा या मंडळींनी यंत्रांना हात घातला. आणि हाउस संगीताची पहिली तबकडी म्हणून जिचा उल्लेख होतो, त्या १९८४ सालच्या तबकडीच्या कर्त्यांत तोच जागा दाखवणारा लॉरेन्स होता.

यंत्रेही कोणती? टाकाऊ! जपानच्या रोलंड कंपनीने १९८१ च्या सुमारास टीबी-३०३ नावाची एक चपटी रुपेरी पेटी काढली होती. एकट्याने गिटारचा रियाज करणाऱ्याला खर्जाच्या गिटारची साथ मिळावी, एवढाच तिचा उद्देश. पण तिचा आवाज गिटारसारखा मुळीच नव्हता. ती खपेना, म्हणून १९८४ च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले आणि जुन्या बाजारात ती मातीमोलाने मिळू लागली. शिकागोच्या तीन पोरांनी ती घेतली आणि तिचे खुंटे चालू रचनेतच मनसोक्त पिळले. त्यातून जो कुरकुरणारा, कण्हणारा, मधेच किंचाळणारा ध्वनी निघाला, त्यावर १९८७ साली 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' ही तबकडी निघाली आणि एक नवा संप्रदायच उभा राहिला. माणसाची नक्कल करण्यात नापास झालेले यंत्र स्वतःच्या आवाजात बोलू लागताच पास झाले.

मात्र या पेटीचा हा गुण शिकागोच्या आधी पाच वर्षे एका मुंबईकराच्या ध्यानात आला होता. चरणजितसिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे कसलेले वादक. त्यांनी हीच पेटी आणि तिच्या जोडीला रोलंडचेच तालयंत्र घेऊन १९८२ साली दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. भैरव, ललित, तोडी, मधुवंती, मालकंस असे खानदानी राग, आणि खाली अखंड चालणारा यंत्राचा ठोका! ग्रामोफोन कंपनीने तबकडी काढली. ती कोणी विचारली नाही. डिस्कोवाल्यांना तिच्यात राग नको होते आणि रागवाल्यांना डिस्को नको होता. २०१० साली हॉलंडमधल्या एका संग्राहकाच्या खटपटीने ती पुन्हा निघाली, तेव्हा पाश्चात्त्य रसिकांनी तोंडात बोटे घातली. काहींनी तर या संगीताचा शोध मुंबईतच लागला असा डांगोरा पिटला. तो काही खरा नव्हे. शिकागोच्या पोरांपर्यंत ही तबकडी पोहोचल्याचा कसलाही पुरावा नाही. एकाच यंत्राने दोन खंडांत दोघांना एकच वाट दाखवली, हे मला अधिक नवलाचे वाटते.

आता वादाच्या गाभ्याकडे वळू. या संगीतावर सर्वांत वजनदार आक्षेप घेतला तो अडाण्याने नव्हे, तर विद्युत्-संगीताच्या पितामहांपैकी एकाने. जर्मन रचनाकार कार्लहाइन्झ स्टॉकहाउझेन यांनी १९५६ साली कोलोनच्या नभोवाणी केंद्रात एका मुलाचा गाता आवाज आणि यंत्रजन्य ध्वनी यांचा जो मेळ घातला, तो या क्षेत्रातला मैलाचा दगड समजतात. १९९५ साली बी.बी.सी.ने त्यांना नव्या पिढीच्या रचना ऐकवल्या. आजोबांनी प्रामाणिक सल्ला दिला, की हे सतत त्याच त्या लयीत घोटाळणे सोडा, माझी ती जुनी रचना ऐका, लय आणि गती बदलत्या ठेवायला शिका. नाचघरात गुंगून जाणारा श्रोता उद्या दुसऱ्या कशात तरी गुंगेल आणि तुम्हांला विसरेल. पोरांतला एक, एफेक्स ट्विन या नावाने प्रसिद्ध असलेला, त्याने उलट टोला दिला. आजोबांनीच माझी अमुक एक रचना ऐकावी, म्हणजे ज्यावर नाचता येत नाही असे विस्कळीत नमुने काढणे ते थांबवतील!

वाचकांतल्या वडीलधाऱ्यांचा कौल आजोबांकडे जाईल, आणि तो समजण्यासारखा आहे. मला मात्र 'तेच ते' हा आक्षेप या साऱ्या आरोपपत्रातला सर्वांत दुबळा वाटतो. आपल्याकडे तबल्याचे एकलवादन चालते, तेव्हा शेजारी सारंगीवाला किंवा पेटीवाला लेहरा धरून बसलेला असतो. तासभर एकच ओळ. त्याने तीत मुरकी घातली तर तबलजी डोळे वटारतो. लेहरेवाल्याने तेच ते वाजवले अशी तक्रार कोणी केलेली मी ऐकली नाही; कारण लेहरा ऐकायचा नसतो, त्याच्यावर उभे राहून दुसरे काही ऐकायचे असते. या नृत्यसंगीतात नेमके हेच घडते, फक्त उलट बाजूने. ठोका मिनिटाला सव्वाशेच्या आसपास अढळ राहतो, आणि त्याच्या भरवशावर वरचा ध्वनी हळूहळू रंग पालटतो. कधी झाकोळतो, कधी उजळतो, मधेच खर्ज काढून घेतला जातो आणि तो परत येतो तेव्हा, समेवर आल्यावर आपल्या मैफलीत होते, तसे साऱ्या सभेचे होते. बसून ऐकणाऱ्याला हे बदल फार सावकाश वाटतात. पण ते बसणाऱ्यासाठी केलेलेच नाहीत. पावलीच्या टाळाचे गाणे खुर्चीत बसून ऐकण्यात काय हशील? शार्ङ्गदेवाने व्याख्येत नृत्त उगाच घातले नव्हते.

यंत्राने वाजवले म्हणून ते हलके, हा दुसरा आक्षेप. त्यावर आपण तरी फार बोलू नये. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला परदेशी व बेसूर ठरवून बाहेर काढले आणि सुमारे तीन दशके तिला तिथे मज्जाव होता. त्याच काळात आपली नाट्यगीते आणि भजने पेटीवरच रंगत होती.

खरे आक्षेप दोनच, आणि ते मी हसण्यावारी नेणार नाही. एक, मादक गोळ्यांचा. या नाचांच्या संगतीने त्या पसरल्या आणि त्यांनी कोवळ्या मुलांचे जीव घेतले; गोव्यात हणजूण-वागातोरच्या किनाऱ्यावर 'गोवा ट्रान्स' हा प्रकार जन्मला, त्याच्या लौकिकाबरोबर हा कलंकही आला. दुसरा, आवाजाचा. आपल्याकडे विसर्जनाच्या मिरवणुकीत 'डीजे' म्हणून ज्या भिंती उभ्या राहतात, त्यांनी काचा थरथरतात, म्हाताऱ्यांच्या छातीत धडधडते, तान्ही मुले दचकून उठतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा घातली आहे, ती त्या भिंतीपुढे कुठल्या कुठे वाहून जाते. पण हा गुन्हा भिंतीचा आहे. तिच्यावर बहुधा चित्रपटातली गाणीच वाजत असतात. आणि उद्या तिच्यावर मारवा लावला तरी शेजारच्या आजारी माणसाला तो तितकाच सलेल. आवाजाला आवाज म्हणून आवर घालावा, लयीला त्यात गोवू नये. इंग्लंडच्या कायद्यात दणदणाटाची तरतूद आधीच होती. ठोक्यांना नाव घेऊन बोलावल्यामुळे त्याला सूडाचा वास आला.

जर्मनीत हाच प्रश्न पोलिसांऐवजी कर-अधिकाऱ्यांनी उपस्थित केला. तिथे संगीताच्या कार्यक्रमाला विक्रीकर सात टक्के, नुसत्या करमणुकीला एकोणीस. बर्लिनच्या 'बेर्गहाइन' या टेक्नोच्या नाचघराला अधिकारी एकोणीस टक्के लावू पाहत होते. २०१६ साली न्यायालयाने निकाल दिला की लोक तिथे मुख्यतः संगीतासाठी येतात, म्हणून सात. २०२० साली देशाच्या सर्वोच्च वित्त-न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. तबकडीवादक दुसऱ्यांच्या तबकड्या नुसत्या लावीत नाही, त्यांतून तो नवी रचना सादर करतो. तेव्हा त्याची यंत्रे ही वाद्येच होत, असा त्याचा आशय. आणि २०२४ च्या मार्चमध्ये बर्लिनच्या टेक्नो-संस्कृतीचा समावेश जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत झाला.

इंग्लंडमध्ये त्रेसष्टावे कलम अजून जागच्या जागी आहे. २००३ साली त्यात एक दुरुस्ती झाली. शंभराचा आकडा खाली आणून वीस केला; ठोक्यांचे वाक्य तसेच ठेवले.