चुकांच्या गुणाकारातून बरोबर उत्तर : भास्कराचार्य, फर्मा आणि ६१ ही संख्या

१/
इ.स. १६५७. तूलूझचा विधिज्ञ आणि गणितज्ञ पिएर द फर्मा याने युरोपातील गणितज्ञांना एक आव्हान दिले. आपला मित्र फ्रेनिकल याला लिहिताना त्याने त्यातील दोन संख्या निवडून दिल्या : ६१ आणि १०९. यांपैकी ६१ चे उदाहरण त्याच्या ५०७ वर्षे आधी, इ.स. ११५० मध्ये, एका संस्कृत ग्रंथात उत्तरासह लिहिलेले होते. फर्माला याची कल्पना नव्हती. हा धागा त्या उदाहरणाचा आहे.

२/
प्रश्न दिसायला साधा आहे. एका पूर्णांकाचा वर्ग घ्या आणि त्याला ६१ ने गुणा. आलेल्या संख्येत १ मिळवल्यावर पुन्हा पूर्ण वर्ग मिळाला पाहिजे. असा सर्वांत लहान पूर्णांक कोणता? (शून्य चालणार नाही.)

३/
६१ च्या शेजाऱ्यांकडे आधी पाहू.
६० साठी : ६० × ४ चा वर्ग + १ = ९६१ = ३१ चा वर्ग.
६२ साठी : ६२ × ८ चा वर्ग + १ = ३९६९ = ६३ चा वर्ग.
६३ साठी तर १ घेतला तरी पुरे : ६३ + १ = ६४.
आणि ६१ साठी? सर्वांत लहान उत्तर आहे २२,६१,५३,९८०. एकेक संख्या तपासत गेलो तर आयुष्य सरेल. फर्माने ही संख्या उगाच निवडली नव्हती.

४/
मग बाराव्या शतकात, केवळ हाताने, हे उत्तर कसे सापडले? त्याची गुरुकिल्ली त्याहूनही जुनी आहे. इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ लिहिला. या प्रकारच्या प्रश्नांचे नाव ‘वर्गप्रकृति’. त्यातली लहान संख्या ती कनिष्ठ, मोठी ती ज्येष्ठ, आणि
ज्येष्ठाचा वर्ग − ६१ × कनिष्ठाचा वर्ग
या वजाबाकीत जे उरते तो क्षेप. आपल्याला क्षेप १ हवा आहे. दुसरे काहीही आले तर उत्तर चुकले.

५/
ब्रह्मगुप्ताचे मर्म असे की चुकलेले उत्तर त्याने टाकून दिले नाही. दोन चुकलेली उत्तरे एकत्र करून तिसरे उत्तर घडवण्याचा नियम त्याने दिला. त्या नियमाचे नाव ‘भावना’ :
• नवा ज्येष्ठ = दोन ज्येष्ठांचा गुणाकार + ६१ × दोन कनिष्ठांचा गुणाकार
• नवा कनिष्ठ = तिरक्या गुणाकारांची बेरीज (याला वज्राभ्यास म्हणत)
• नवा क्षेप = दोन क्षेपांचा गुणाकार
थोडक्यात, उत्तरांचा संयोग होतो तेव्हा चुकांचा गुणाकार होतो.

६/
६१ ऐवजी २ घेऊन हे पडताळून पाहा. ज्येष्ठ १, कनिष्ठ १ : १ − २ = −१. उत्तर चुकले. याच उत्तराची स्वतःशीच भावना करा. ज्येष्ठ १ + २ = ३, कनिष्ठ १ + १ = २, क्षेप (−१) × (−१) = १. पडताळा : ९ − ८ = १. एकच चूक दोनदा वापरली आणि बरोबर उत्तर हाती आले.

७/
परंतु क्षेप ३ असेल तर? भावना करत गेलो तर तो ९, २७, ८१ असा फुगत जाईल. तो लहान ठेवण्याची युक्ती म्हणजे चक्रवाल. ती भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथात येते. मात्र ती त्यांच्याही आधीची आहे : अकराव्या शतकातील टीकाकार उदयदिवाकराने ती आचार्य जयदेव यांच्या नावाने उद्धृत केली आहे.

८/
आता ६१ कडे वळू. ८ चा वर्ग ६४, म्हणून ज्येष्ठ ८, कनिष्ठ १, क्षेप ३.
याच्या जोडीला दुसरे उत्तर आपणच निवडायचे : कनिष्ठ १ आणि ज्येष्ठ मनाजोगता. अट एवढीच की ८ मध्ये तो मिळवल्यावर ३ ने भाग जावा आणि त्याचा वर्ग ६१ च्या जवळ असावा. ७ योग्य ठरतो. त्याचा क्षेप ४९ − ६१ = −१२.

९/
भावना करा : ज्येष्ठ ५६ + ६१ = ११७, कनिष्ठ ८ + ७ = १५, क्षेप ३ × (−१२) = −३६.
आता दोन्ही संख्यांना ३ ने भागा : ३९ आणि ५. येथे वर्गांचा व्यवहार असल्याने क्षेपाला ९ ने भाग जातो : −४.
पडताळा : १५२१ − १५२५ = −४. क्षेप फुगला नाही. हेच चक्र फिरवत राहायचे, म्हणून ते ‘चक्रवाल’.

१०/
भास्कराचार्य येथून झेप घेतात. निम्मे करा : ३९/२, ५/२, क्षेप −१. अपूर्णांकांना ते बिचकत नाहीत.
स्वतःशी भावना : १५२३/२, १९५/२, क्षेप १.
त्याची आधीच्या उत्तराशी भावना : २९,७१८ आणि ३,८०५, क्षेप −१. अपूर्णांक नाहीसे झाले!
पुन्हा स्वतःशी भावना : ज्येष्ठ १,७६,६३,१९,०४९, कनिष्ठ २२,६१,५३,९८०, क्षेप १.
एकंदर चार भावना, आणि दहा अंकी उत्तर.

११/
युरोपात फर्माचे आव्हान ब्राउंकर आणि वॉलिस या इंग्रज गणितज्ञांनी स्वतंत्र रीतीने पेलले. पुढे ऑयलरने गैरसमजाने याचे श्रेय जॉन पेल याला दिले आणि ‘पेलचे समीकरण’ हे नाव रूढ झाले. ब्रह्मगुप्त आणि भास्कराचार्य यांचे हे गणित कोलब्रुकच्या इंग्रजी अनुवादातून १८१७ मध्ये युरोपीय वाचकांपुढे आले, तोवर नाव पक्के झाले होते.

१२/
येथे अभिमान आणि विवेक दोन्ही हवेत. फर्माने हे भारतातून उचलले, असे म्हणण्यास आधार नाही. तसेच, प्रत्येक अवर्ग संख्येसाठी असे उत्तर असतेच, ही सिद्धता अठराव्या शतकात लाग्रांजने दिली. भास्कराचार्यांच्या ग्रंथात रीत आहे, सिद्धता नाही. परंतु म्हणून ती रीत उणी ठरत नाही. कोणत्या चुका एकमेकींना सावरतील हे ओळखण्याची दृष्टी तिच्यात आहे, आणि ती दृष्टी आपल्या भूमीत शतकानुशतके जोपासली गेली.

१३/
त्या जोपासनेची खूण महाराष्ट्रात आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटणे येथे यादवकालीन शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला.

१४/
आता गणित तुमच्या हाती. ६१ च्या जागी ६७ घ्या, हेही उदाहरण भास्कराचार्यांचेच. आरंभ : ज्येष्ठ ८, कनिष्ठ १, क्षेप −३. जोडीला पुन्हा ७ घ्या. पहिल्या फेरीत ४१, ५ आणि क्षेप ६ येईल. शेवटी ४८,८४२ आणि ५,९६७ पर्यंत पोहोचायचे आहे. वही घ्या, आणि वाटेत चुकलेले काहीही खोडू नका.